पुण्यात कर्वे रस्त्यालगतचं नर्व्ह टेस्टिंग केंद्र: बेरा, ब्लिंक रिफ्लेक्स आणि व्हेम्प, दोन भेटींनंतर

परवा मुलीला घेऊन या केंद्रात दुसऱ्यांदा जाऊन आलो. पहिली भेट एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात झाली होती. लिहायचं तेव्हाच मनात होतं, पण एका भेटीवरून मत देऊ नये म्हणून थांबलो. आता दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून लिहितोय.

मुलगी ३१ वर्षांची, वारज्याच्या एका शाळेत गणित शिकवते. २०२१ मध्ये तिचा उजवा डोळा दुखून अंधूक झाला, एमआरआय झाला आणि मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खराब करणारा आजार) निघाला. मधली वर्षं बरी गेली. यंदा एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षेचे पेपर तपासताना तिला डावीकडे बघितलं की एकाच्या दोन ओळी दिसायला लागल्या. दोन दिवसांत उजवा गाल बधिर झाला आणि घरात चालताना ती भिंतीला हात लावून चालायला लागली. डॉक्टरांनी बोट डावीकडे नेलं तेव्हा मी शेजारीच उभा होतो. डावा डोळा बोटामागे गेला आणि तिथे झटके देत राहिला, उजवा मात्र नाकाच्या बाजूला वळेचना. दोन्ही डोळ्यांना एकत्र वळवणारी एक दोरी ब्रेनस्टेममधून, म्हणजे मेंदूच्या देठातून जाते, ती उजवीकडे दुखावली आहे, असं त्यांनी समजावलं. एमआरआयमध्ये पॉन्सच्या, म्हणजे ब्रेनस्टेमच्या मधल्या भागाच्या, उजव्या बाजूला एक डाग होता, पण पुसट.

मग त्यांनी या तीन तपासण्या लिहून दिल्या: बेरा (कानात टिकटिक देऊन ब्रेनस्टेममधून उठणाऱ्या लहरी मोजायच्या), ब्लिंक रिफ्लेक्स (भुवईवर हलका शॉक देऊन पापणी किती वेळात मिटते ते बघायचं) आणि व्हेम्प (कानाच्या तोल सांभाळणाऱ्या भागाचा रस्ता तपासायचा). मी विचारलं, एमआरआय झालाय तर आणखी कशाला? ते म्हणाले, "निदानासाठी नाही, काका. ते झालंय. एकेकाळी निदानातही या तपासण्यांना मोठं स्थान होतं, १९८३च्या पोझर निकषांत त्या मोजल्या जायच्या; आता ते काम मुख्यतः एमआरआय करतो. पण एमआरआय डाग दाखवतो. त्या डागातून संदेश किती उशिरा पोचतोय, ते मोजायला हेच लागतं. शिवाय चक्कर कानाची की ब्रेनस्टेमची, तेही कळेल. आणि पुढे पुन्हा काही झालं तर तुलनेला आजचे आकडे हातात असतील."

इथे एक गोष्ट आधी सांगतो, कारण ती आमच्या बाबतीत घडली आणि इतरांच्या बाबतीत टळावी असं मनापासून वाटतं. घराजवळच्या एका ठिकाणी (नाव लिहीत नाही) आम्ही चक्कर सुरू झाल्या झाल्या बेरा करून आलो होतो. दहा-पंधरा मिनिटांत काम आटोपलं. रिपोर्टवर एकच ओळ होती, दोन्ही कान नॉर्मल. आलेख नाही, मधले आकडे नाहीत, फक्त पाचव्या लहरीपुढे बरोबरची खूण. आम्ही निर्धास्त होऊन घरी आलो आणि त्यात चार दिवस गेले. नंतर कळलं की ती ऐकू किती येतं हे पाहणारी बेरा होती. आवाज कमी कमी करत जायचं आणि पाचवी लहर कुठपर्यंत टिकते ते बघायचं, असं त्यात असतं. लहान बाळांसाठी ती उत्तमच. ब्रेनस्टेमचा रस्ता तपासायची बेरा वेगळी. त्यात आवाज मोठा ठेवतात, पहिली, तिसरी आणि पाचवी लहर यांच्यामधलं अंतर मोजतात, लहरींची उंची बघतात आणि प्रत्येक नोंद दोनदा घेतात. नाव एकच असल्यामुळे पेशंटला फरक कळायचा कसा? चिठ्ठीवर डॉक्टरांकडून "न्यूरॉलॉजिकल" असं लिहून घ्या आणि फोनवर विचारा.

मी टेलिफोन खात्यात ३४ वर्षं काढली. बरीचशी कोथरूड आणि शिवाजीनगर भागात, केबल मेंटेनन्सला. जानेवारी २०२० मध्ये व्हीआरएस घेतली. पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी शिरलं की शंभर तक्रारी एकदम येत. रस्ता कुठे खणायचा हे ठरवणं हेच आमचं खरं काम होतं. एक्स्चेंजला टोन आहे, पिलरला (रस्त्यावरच्या पेटीला) आहे, डीपीला (घरांजवळच्या डबीला) नाही, म्हणजे फॉल्ट पिलर आणि डीपीच्या मध्ये. त्यामुळे बेराचा आलेख पहिल्यांदा बघितला तेव्हा मला तो परका वाटला नाही. पहिली लहर कानाच्या नसेची, तिसरी पॉन्सच्या खालच्या भागातली, पाचवी वरच्या टोकाची, मिडब्रेनच्या (ब्रेनस्टेमच्या वरच्या भागाच्या) सीमेवरची. पहिली वेळेवर, तिसरी वेळेवर, पाचवी उशिरा, तर खणायचं कुठे ते कळलं. फक्त एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. आमच्या तारेचं आवरण गेलं की शेजारच्या तारेशी शॉर्ट व्हायचं. नसेचं आवरण, मायलिन, गेलं की एरवी टप्प्याटप्प्याने उड्या मारत जाणारा संदेश रखडत जातो, कधी अर्ध्या वाटेत थांबतोसुद्धा.

आता केंद्राबद्दल. नळस्टॉपच्या मेट्रो स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटं, आतल्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. अपॉइंटमेंटसाठी फोन केला तेव्हा पलीकडच्या बाईंनी विचारून घेतलं: आदल्या दिवशी केस धुणार ना? तेल अजिबात नको. कपाळाला क्रीम, डोळ्यांत काजळ नको. कानात मळ आहे का? ऐकण्याची तपासणी झालीय का? मानेचं दुखणं आहे का? चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. उपाशी यायची गरज नाही. जुने रिपोर्ट आणि एमआरआयची सीडी आणा. आधीच्या ठिकाणी यातलं एकही वाक्य कोणी बोललं नव्हतं. आमच्या घरात रविवारी डोक्याला खोबरेल लावून मालीश करायची पद्धत आहे, ती त्या आठवड्यापुरती मुलीने बंद ठेवली.

तपासणी करणाऱ्या टेक्निशियन मॅडम चाळिशीच्या असतील. त्यांच्याबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचं आहे. तिला "ताई" आणि मला "काका" म्हणत त्यांनी काम सुरू केलं. आधी कानात बत्ती घालून मळ नाही ना हे स्वतः बघितलं. मग डोक्याच्या मध्यावर आणि दोन्ही कानांमागे जागा आखून बारीक खर असलेल्या जेलने कातडी घासली. घासणं मी मोजलं नाही, पण एकेका जागेला मिनिटभर सहज गेलं. इलेक्ट्रोड चिकटवले आणि इम्पीडन्स, म्हणजे कातडीशी विजेला होणारा अडथळा, बघितला. डाव्या कानामागे ९ किलोओहम दाखवत होतं. ९ वरही लहरी दिसल्या असत्या. पुष्कळ जण तसेच पुढे जातात. त्यांनी तो इलेक्ट्रोड काढला, पुन्हा घासलं, पुन्हा लावलं. तिन्ही ठिकाणी ५ च्या खाली आणि जवळजवळ सारखं आल्यावरच त्या खुर्चीवर बसल्या. कॉन्टॅक्ट खराब असेल तर रीडिंगला अर्थ नसतो. हे मी कित्येक नव्या पोरांना शिकवलंय, त्यामुळे ते बघून मला फार बरं वाटलं.

ट्यूबलाईट बंद, मोबाईल बाहेर. मुलगी पडून राहिली. मॅडम म्हणाल्या झोप लागली तरी चालेल, उलट बरंच. मान आणि जबडा सैल सोडायचा, दात आवळायचे नाहीत. हेडफोनमधून एका कानात टिकटिक, दुसऱ्या कानात सूंऽऽ असा आवाज, म्हणजे टिकटिक हाडातून त्या कानाने ऐकून गोंधळ करू नये. टिकटिकेचा वेग सेकंदाला ११.१. असा अडनिडा आकडा का, हे मी विचारलं. एरवी तांत्रिक प्रश्न विचारला की "ते सेटिंग असतं" असं उत्तर मिळतं. त्यांनी सांगितलं: आपली वीज ५० हर्ट्झची. बरोबर १० च्या वेगाने टिकटिक दिली तर विजेची लहर दरवेळी त्याच जागी सापडेल आणि सरासरीत पुसली जायच्या ऐवजी टिकून राहील. ११.१ ठेवलं की ती दरवेळी वेगळ्या जागी पडते आणि एकमेकांना खाऊन टाकते.

एका नोंदीला २००० टिकटिकी, म्हणजे तीन मिनिटं. कानातून उठणारा हा संदेश डोक्याच्या कातडीवर येईपर्यंत एक मायक्रोव्होल्टहूनही कमी उरतो आणि मेंदूची चालू गडबड त्याच्या कित्येक पट मोठी असते. २००० वेळा सरासरी काढली की ती गडबड सुमारे ४५ पट दबते आणि पहिल्या १० मिलिसेकंदांतल्या त्या टेकड्या वर येतात. माझ्या डोळ्यांदेखत त्या पडद्यावर उगवत गेल्या. १९७० च्या सुमारास ज्युएट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या डोक्यावरून त्या पहिल्यांदा नीट ओळखून दाखवल्या, रोमन आकडे दिले, तेच आकडे आजही चालतात. आमच्या स्ट्रोजर (जुन्या यांत्रिक) एक्स्चेंजच्या काळात ही मोजमापं होत होती, हे मला माहीतच नव्हतं.

डाव्या कानाच्या दोन नोंदी एकावर एक ठेवल्या, तंतोतंत बसल्या. पहिली लहर १.६, तिसरी ३.८, पाचवी ५.७ मिलिसेकंद. उजवीकडे पहिली १.६, तिसरी ३.९, आणि पाचवी ६.६ ला, तीही बसकी. मॅडमनी काही न बोलता तिसरी नोंद घेतली. पुन्हा ६.६. पहिली ते पाचवी हे अंतर साधारण ४.५ च्या आत हवं. डावीकडे ४.१ होतं, उजवीकडे ५. पहिली लहर वेळेवर, म्हणजे कान आणि नसेचं टोक ठीक. उशीर तिसरीनंतरचा. पॉन्सच्या वरच्या भागात, त्याच बाजूला.

ब्लिंक रिफ्लेक्सला मुलगी घाबरली होती, कारण भुवईवर शॉक असं ऐकलं होतं. रबरबँड तुटून लागावा एवढंच असतं, असं तीच नंतर म्हणाली. भुवईच्या आतल्या टोकाला हाडात एक खाच असते, तिथून चेहऱ्याची संवेदना नेणारी नस बाहेर येते. तिथे चिमटा बसला की संदेश ब्रेनस्टेममध्ये जातो आणि चेहऱ्याच्या नसेने परत येऊन पापणी मिटवतो. त्याच बाजूला लगेच एक हालचाल होते, सुमारे १०-११ मिलिसेकंदांत, ती पॉन्समधून येते. दुसरी ३०च्या पुढे, दोन्ही डोळ्यांना एकदम, ती खालून मेड्युलाला (ब्रेनस्टेमच्या खालच्या भागाला) वळसा घालून येते. १९५२ मध्ये कुगेलबर्ग यांनी या दोन वेगळ्या करून दाखवल्या होत्या. मॅडम दोन शॉकमधलं अंतर मुद्दाम बदलत होत्या, कधी आठ सेकंद, कधी पंधरा. सरावाने दुसरी हालचाल मंदावते म्हणे, पेशंटला अंदाज येता कामा नये. निकाल: डावीकडे पहिली १०.८, उजवीकडे १४.२. दुसरी दोन्हीकडे ठीक. म्हणजे पुन्हा उजवा पॉन्स. मुलीने शांतपणे विचारलं, "गाल बधिर आहे तो यामुळेच ना?" मॅडम म्हणाल्या, "ते डॉक्टर सांगतील ताई, पण तुमचा गाल खोटं बोलत नाहीये." चार दिवस तिला आसपासचे लोक "टेन्शनमुळे होतं असं" सांगत होते. त्या वाक्यानंतर तिचे डोळे भरून आले.

व्हेम्प मात्र थकवणारं आहे. पडल्या पडल्या डोकं उचलून मान एका बाजूला वळवून धरायची, कानात मोठा ठोका, आणि मानेच्या त्या ताणलेल्या स्नायूत क्षणभर येणारी ढिलाई मोजायची. तोल सांभाळणारा कानाचा भाग, ब्रेनस्टेम, मान असा तो रस्ता. ताण दोन्ही बाजूंना सारखा नसेल तर तुलना फसते, म्हणून पडद्यावर पट्टी दाखवतात, ती ठरावीक रेषेत धरायची. एमएसच्या माणसाला थकवा म्हणजे काय हे घरच्यांना माहीत असतं. प्रत्येक नोंद अर्ध्या मिनिटाचीच, पण मॅडमनी मध्ये मध्ये तीन-तीन मिनिटं विश्रांती दिली आणि घड्याळाकडे एकदाही बघितलं नाही. दुसऱ्या प्रकारात डोळ्यांखाली इलेक्ट्रोड, नजर वर. यात एका कानातला आवाज विरुद्ध बाजूच्या डोळ्याखाली उमटतो, आणि वाटेत तो डोळे एकत्र वळवणाऱ्या दोरीचाच आधार घेतो. मानेचं व्हेम्प दोन्हीकडे नॉर्मल आलं. डाव्या कानाचं उजव्या डोळ्याखालचं मात्र उशिरा आणि अगदी क्षीण. चक्कर कानाची नव्हती.

तीन तपासण्या, तीन वेगळे रस्ते, आणि तिन्ही एकाच कोपऱ्याकडे बोट दाखवत होत्या. एमआरआयमधला तो पुसट डाग डॉक्टरांनी नंतर सीडी लावून पुन्हा बघितला आणि पेन्सिलीने त्याच्याभोवती गोल केला. मिथिलप्रेडनिसोलोन रोज १ ग्रॅम, पाच दिवस सलाईनमधून, हे आधीच ठरलं होतं. पण दीर्घकाळचं औषध बदलावं का, या चर्चेत हे रिपोर्ट टेबलावर होते.

तक्रारी आहेत, आणि त्या मी केंद्राला लेखी दिल्या आहेत.

पहिली, इमारतीत शिरताना पाच पायऱ्या, कठडा एकाच बाजूला, आणि लिफ्ट त्या पायऱ्या चढल्यावर. इथे येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस नसांच्या आजाराचा. ज्यांना दोन-दोन पायऱ्या दिसतात त्यांच्यासाठी पहिलीच परीक्षा दारात का? दुसरी, बाहेरच्या प्रतीक्षा खोलीत एसी नाही. आमची वेळ दुपारी १२ची होती, नंबर लागला पावणेदोनला. एप्रिलअखेरच्या उन्हात तिचा २०२१ मध्ये अधू झालेला डोळा आणखी अंधूक झाला. एमएसमध्ये अंग तापलं की जुनी लक्षणं डोकं वर काढतात, याला १८९० पासून ऊटहॉफ यांचं नाव आहे. नसांची तपासणी करणाऱ्या ठिकाणी हे कुणी सांगावं लागू नये. मी ओला पंचा करून तिच्या मानेवर ठेवला.

तिसरी तक्रार रिपोर्टची. दोन दिवसांत म्हणाले, सहा दिवस लागले. पहिल्यांदा जो मेल आला त्यात फक्त निष्कर्ष होता. आलेख आणि आकड्यांचा तक्ता मागितल्यावर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "ते पेशंटला कळत नाही, म्हणून देत नाही." मला हे पटत नाही. कळो न कळो, ते त्या माणसाच्या डोक्याचं मोजमाप आहे, त्याने पैसे भरले आहेत, आणि पुढच्या वेळी तुलना करायची तर "उजवीकडे असामान्य" या दोन शब्दांशी कशी करणार? मॅडमना कळल्यावर त्यांनी दहा मिनिटांत सगळे आलेख छापून दिले. पण काउंटरवर मागायचं सुचलं नसतं तर ते आमच्याकडे आलेच नसते.

खर्च तिन्हींचा मिळून ६,८०० रुपये. आमच्या विम्यात दाखल न होता केलेल्या तपासण्या बसत नाहीत, त्यामुळे खिशातूनच. पावती पक्की दिली.

आता परवाची भेट. या वेळी सकाळी ९ची वेळ मागून घेतली. पायऱ्या तशाच आहेत, पण दुसऱ्या बाजूलाही पाईपचा कठडा बसवलाय. मुलीला थेट आतल्या थंड खोलीत बसवलं. मॅडमनी एप्रिलची फाईल उघडून ठेवली होती. टिकटिकेचा वेग तोच, आवाज तेवढाच, मशीन तेच, इलेक्ट्रोडच्या जागा टेपने मोजून त्याच. तसं केलं तरच दोन आकडे शेजारी ठेवता येतात.

दोन ओळी दिसणं जूनमध्येच थांबलं होतं, गालही परत आलाय. ब्लिंकची उजवीकडची पहिली हालचाल १४.२ वरून १२.३ वर आली. डोळ्याखालचं व्हेम्प अजून उशिरा, पण उंची वाढलीय. बेराची पाचवी लहर ६.६ होती, ती ६.४. तिच्या चेहऱ्यावर थोडी निराशा दिसली. मॅडम तिला म्हणाल्या की लक्षण जातं तेव्हा वेग पूर्ण परत येतोच असं नाही, संदेश उशिरा का होईना पोचायला लागतो आणि माणूस बरा होतो. २०२१ चा डोळाही तसाच आहे. आज ती त्या डोळ्याने पेपर तपासते, पण चौकटींच्या तपासणीत (पडद्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटी दाखवून डोळ्याची नस तपासतात त्यात) तो अजून उशिराच उत्तर देतो.

निघताना तिने आलेखांच्या दोन्ही कागदांचे फोटो काढले आणि नळस्टॉपपर्यंत माझा हात न धरता चालत आली. रिपोर्ट या वेळी तिसऱ्या दिवशी मेलवर आला, तक्ता आणि आलेख दोन्ही न मागता.